वाचा-भाषा उपचारांचे नियोजन : शब्द घरापर्यंत पोहोचायला हवेत

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, असे लक्षात आले की घरात सर्वप्रथम सल्ले सुरू होतात. ‘याचा बाबाही उशिराच बोलला होता,’ असे आजी सांगते. कोणी वेखंड उगाळून चाटवायला सुचवते, कोणाला मुलाची जीभ जड वाटते, तर कोणी ‘घरात दोन-दोन भाषा कशाला, एकच ठेवा’ असे बजावते. यात सहा महिने, वर्ष सहज निघून जाते. अखेर पालक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाकडे पोहोचतात. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास उपचार सुरू होतात. काही महिन्यांनी मूल तिथल्या चित्रांना बरोबर नावे देऊ लागते. घरी मात्र तहान लागली की ते पूर्वीप्रमाणेच आईचा हात धरून तिला पाण्याकडे ओढत नेते. ‘एवढा वेळ आणि पैसा घालवून उपयोग काय झाला?’ हा प्रश्न मग स्वाभाविकपणे पडतो.

अशा वेळी उपचारच निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पुष्कळदा उणीव असते ती नियोजनात. कोणते कौशल्य, कोणत्या क्रमाने, किती सरावाने, कोणाच्या मदतीने आणि कोणत्या ठिकाणी वापरण्यासाठी शिकवायचे, याचा आराखडा नसेल, तर उत्तम साधने आणि कष्टाळू तज्ज्ञ असूनही हाती फारसे लागत नाही. हा आराखडा तज्ज्ञांनी तयार करायचा असला, तरी त्यामागची तत्त्वे पालकांना व नातेवाइकांना ठाऊक असणे तितकेच गरजेचे आहे. कारण उपचारांच्या खोलीतील तास मोजके असतात; उरलेला सगळा काळ मूल घरात असते.

वाचा वेगळी, भाषा वेगळी

नियोजनाचा आरंभ अडचण नेमकी कशात आहे, हे ओळखण्यापासून होतो. व्यवहारात आपण ‘बोलणे’ हा एकच शब्द वापरतो. परंतु वाचा आणि भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. ध्वनींचे उच्चार, आवाजाचा पोत आणि बोलण्याचा ओघ हा वाचेचा भाग होय. ऐकलेले समजणे, शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि प्रसंगानुरूप बोलणे हा भाषेचा भाग होय. ‘गाय’ऐवजी ‘दाय’ म्हणणाऱ्या मुलाची भाषा पूर्णपणे वयानुरूप असू शकते. याउलट टीव्हीवरील जाहिरातींची वाक्ये खणखणीत उच्चारांत म्हणून दाखवणाऱ्या मुलाला ‘तुला काय हवे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर त्याची अडचण भाषेच्या वापरात आहे. दोघांनाही ‘नीट बोलत नाही’ हेच विशेषण लावले जाते. पण दोघांचे उपचार सर्वस्वी वेगळे असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार नमूद केले आहेत, त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे. श्रवणदोष, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची गणनाही त्यात वेगवेगळी केलेली आहे. कारणे वेगळी, म्हणून वाटाही वेगळ्या.

आधी कान, मग जीभ

बोलण्याची कोणतीही तक्रार असली, तरी पहिली तपासणी श्रवणाची व्हायला हवी. ‘हाक मारली की वळून पाहतो, म्हणजे ऐकू येते’ ही समजूत फसवी आहे. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, मात्र ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी नीट पोहोचत नाहीत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकणे कमी-जास्त होत राहते. जे ध्वनी कानावर स्पष्ट पडतच नाहीत, ते तोंडातून स्पष्ट येण्याची अपेक्षा व्यर्थ असते. म्हणूनच नवजात बालकांसाठी एक सूत्र जगभर मान्य झाले आहे : पहिल्या महिन्याच्या आत श्रवणाची चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचारांना आरंभ.

यानंतर तोंडाची रचना पाहावी लागते. जन्मतः टाळू दुभंगलेल्या बालकाची शस्त्रक्रिया झाल्यावरही मऊ टाळू नाकाकडील वाट पुरेशी बंद करू शकत नसेल, तर ‘प’, ‘ब’ उच्चारताना हवा नाकातून निसटते. ही रचनेतील त्रुटी केवळ सरावाने भरून निघत नाही. तिथे शल्यविशारदाचा सल्ला आधी हवा. दुसरीकडे, ‘जीभ जड आहे’ या शंकेपोटी जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाई होते. हा पडदा आखूड असल्याने काही मुलांना स्तनपानात वा एखाद्या उच्चारात अडचण येऊ शकते. परंतु त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही, असे होत नाही. भाषा जिभेच्या टोकावर नव्हे, मेंदूत घडते. त्यामुळे मूल किती बोलते याबरोबरच किती समजते, नजरेला नजर देते का, बोटाने दाखवते का, खेळात नक्कल करते का, हेही तपासले गेल्याशिवाय नियोजन सुरू होऊ नये.

आरंभीची पातळी कागदावर हवी

तपासणीनंतर मूल आज कुठे उभे आहे, याची लेखी नोंद व्हायला हवी. ‘थोडेफार बोलते’ ही नोंद नव्हे. ‘क’ आणि ‘ग’ असलेले वीस शब्द विचारले असता किती बरोबर उच्चारले, घरातील पंधरा-वीस मिनिटांच्या खेळात स्वतःहून किती शब्द वापरले, त्यांतील किती वेळा दोन शब्द जोडले, मागण्यासाठी बोलले की केवळ विचारल्यावर उत्तर दिले, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी नोंदवाव्या लागतात. आज बहुतेक घरांत मोबाइल असतो. मूल निवांतपणे खेळत असताना केलेले ध्वनिमुद्रण तज्ज्ञांना अनोळखी खोलीतल्या चाचणीपेक्षा कित्येकदा अधिक सांगून जाते.

ही नोंद नसली तर पुढे प्रगती झाली की नाही, याचा निवाडा केवळ मनाच्या समाधानावर अवलंबून राहतो. मूल वाढत असतेच. वाढत्या वयाने आपोआप झालेला बदल कोणता आणि उपचारांनी घडवलेला कोणता, हे ओळखण्यासाठी आरंभीची पातळी ठाऊक असावी लागते.

उद्दिष्ट म्हणजे इच्छा नव्हे

‘शब्दसंग्रह वाढवणे’, ‘बोलणे सुधारणे’ या सदिच्छा आहेत, उद्दिष्टे नाहीत. उद्दिष्टात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : काय करायचे, कोणत्या प्रसंगी, किती मदतीने, किती प्रमाणात आणि कधीपर्यंत. उदाहरणार्थ, ‘येत्या आठ आठवड्यांत मूल जेवताना व खेळताना, कोणी आधी म्हणून न दाखवता, मागण्यासाठी दिवसातून किमान दहा वेळा दोन शब्द जोडेल’ हे उद्दिष्ट झाले. ते साधले की नाही, हे आजीसुद्धा मोजून सांगू शकते.

उद्दिष्ट निवडताना मुलाच्या जगण्यात त्याचा उपयोग काय, हा प्रश्न अग्रभागी हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणाने दिव्यांगत्वाकडे पाहण्याची दृष्टीच व्यापक केली. शरीरात कोणती उणीव आहे, एवढ्यावर न थांबता ती व्यक्ती काय करू शकते, कुटुंबात व समाजात किती सहभागी होऊ शकते आणि भोवतालची परिस्थिती तिला साहाय्य करते की अडवते, याचाही विचार त्यात केला जातो. या दृष्टीने पाहिले, तर न बोलणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच रंग, आकार आणि ‘हत्ती’, ‘झेब्रा’ यांची नावे पाठ करून घेणे कितपत योग्य? त्याला दिवसभरात हवे असतात ते ‘दे’, ‘नको’, ‘आणखी’, ‘ये’, ‘उघड’, ‘संपले’ हे शब्द. अशा शब्दांनी मुलाला आपल्या भोवतालच्या माणसांवर थोडा अधिकार मिळतो. बोलल्यावर काहीतरी घडते, हा अनुभव एकदा आला की पुढचे शब्द शिकण्याची ओढ मुलात आपोआप निर्माण होते.

आपल्या भाषेचा विचार

उच्चारदोषांच्या बाबतीत ध्वनींची निवड हा नियोजनाचा गाभा होय. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांसारखे ओठांनी उच्चारायचे ध्वनी मुलांना लवकर साधतात, तर ‘र’, ‘श’, ‘ळ’ यांना अधिक काळ लागतो. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला ‘र’ जमत नाही, एवढ्यावरून चिंता करण्याचे कारण नाही. परंतु चार वर्षांचे मूल ‘क’, ‘ख’, ‘ग’ या सर्वांऐवजी सरसकट ‘त’, ‘थ’, ‘द’ उच्चारत असेल, तर त्याचे बोलणे बाहेरच्या माणसाला कळणे अवघड होते. इथे एकेक चुकलेला शब्द दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. जिभेच्या मागच्या भागाऐवजी टोक वापरण्याची जी एक सवय या सर्व चुकांमागे आहे, ती बदलायची असते.

त्यासाठी केवळ एका ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या शब्दजोड्या वापरतात. ‘गाणे’ व ‘दाणे’, ‘काप’ व ‘ताप’, ‘गार’ व ‘दार’ या मराठीतील आयत्या जोड्या. मुलासमोर गाण्याचे आणि दाण्यांचे चित्र ठेवले जाते. मुलाला गाणे हवे असते. पण ते म्हणते ‘दाणे’, आणि तज्ज्ञ शांतपणे दाण्यांचे चित्र त्याच्या हाती देतात. आपण वेगळे म्हटले, म्हणून वेगळे मिळाले, हे मुलाला उमगते. ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यासाठी ‘वेल’ व ‘वेळ’, ‘काल’ व ‘काळ’ अशा जोड्या घेता येतात. इंग्रजी पुस्तकांत ‘ळ’ सापडणार नाही. म्हणून परदेशी चित्रसंच जसेच्या तसे वापरण्याऐवजी मूल ज्या भाषेत वावरते, त्या भाषेतून साहित्य तयार करणे हा चांगल्या नियोजनाचा भाग ठरतो.

पायऱ्या आणि टेकू

निवडलेला ध्वनी एकदम संभाषणात उतरत नाही. अमेरिकी वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर हे स्वतः अडखळत बोलण्याचा अनुभव घेतलेले होते. त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून रूढ झालेला क्रम आजही उपयोगात आहे. प्रथम तो ध्वनी ऐकून ओळखणे, मग तो सुटा उच्चारणे, त्यानंतर अक्षरांत, शब्दांत, वाक्यांत आणि शेवटी सहज गप्पांत वापरणे. अक्षरांच्या पायरीवर आपली बाराखडी आयतीच कामी येते : का, की, कू, के, को. एका पायरीवर दहापैकी साधारण आठ प्रयत्न बरोबर येऊ लागले की पुढची पायरी घ्यावी, असा संकेत आहे. फार सोपे काम मुलाला कंटाळवाणे होते, तर फार अवघड कामाने ते प्रयत्नच सोडून देते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधील अंतरातच शिकणे घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपचारांत ही मदत टेकूसारखी असते. आरंभी संपूर्ण शब्द म्हणून दाखवायचा. मग फक्त पहिले अक्षर. मग नुसता हाताचा इशारा. आणि अखेर काहीच न करता थांबायचे. हा टेकू कधी व कसा काढायचा, हे आराखड्यात लिहिलेले नसेल, तर मूल ‘म्हण’ म्हटल्यावरच म्हणणारे होऊन बसते. मनातल्या मनात पाच आकडे मोजत शांतपणे वाट पाहणे, हे दिसायला क्षुल्लक पण अत्यंत परिणामकारक तंत्र आहे.

सरावाची मात्रा

औषधाची मात्रा असते, तशीच सरावाचीही असते. अर्ध्या तासाच्या सत्रात मुलाने लक्ष्य असलेला ध्वनी पंधरा वेळा उच्चारला की शंभर वेळा, यावर निष्पत्ती अवलंबून असते. पार्किन्सनच्या विकारात आवाज क्षीण होतो. त्यावर अमेरिकेत विकसित झालेल्या ली सिल्व्हरमन यांच्या नावाच्या पद्धतीत आठवड्यातून चार दिवस, सलग चार आठवडे, एकेका तासाची सोळा सत्रे घेतली जातात आणि दररोज घरीही सराव करून घेतला जातो. आठवड्याला एक सत्र याप्रमाणे हीच सोळा सत्रे चार महिन्यांत पसरवली, तर ती तीच उपचारपद्धती राहत नाही. लहान मुलांच्या अडखळत बोलण्यावर ऑस्ट्रेलियात सिडनी येथे तयार झालेल्या लिडकोम पद्धतीत तर उपचार प्रामुख्याने पालकच घरी करतात. तज्ज्ञ त्यांना शिकवतात आणि देखरेख ठेवतात. पालक रोज मुलाच्या अडखळण्याची तीव्रता आकड्यात नोंदवतात व त्या नोंदींवरून पुढील आठवड्याची दिशा ठरते.

सराव कशाचा, हेही पाहायला हवे. मेणबत्ती विझवणे, शिट्टी वाजवणे, जीभ बाहेर काढून फिरवणे अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात, असा समज आहे. मात्र उच्चारदोषांत त्यांचा उपयोग होतो, याला भक्कम आधार मिळालेला नाही. पोहणे पाण्यातच शिकावे लागते, तसे बोलणे बोलूनच येते. त्यामुळे सत्रातील बहुतांश वेळ प्रत्यक्ष बोलण्यासाठी राखून ठेवलेला असावा.

घरची भाषा सोडू नये

गोव्यातील असंख्य कुटुंबांत घरी कोकणी, भजनात व वाचनात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी तीन भाषांची ये-जा असते. बेळगावच्या मराठी घरातल्या मुलाच्या कानावर कन्नड पडते, तर हैदराबादेत तेलुगू. मूल बोलायला मागे पडले, की ‘भाषांचा गोंधळ झाला, एकच ठेवा’ असा सल्ला मिळतो आणि ती एक भाषा सहसा इंग्रजी असते. या सल्ल्याची किंमत फार मोठी असते. जिला इंग्रजी सहज येत नाही, ती आई तुटक सूचनांपुरती उरते. आजी-आजोबांशी मुलाचे नातेच अबोल होते. ज्याला अधिकाधिक बोलणे ऐकण्याची गरज आहे, त्याच मुलाच्या भोवतालचे बोलणे आटते.

अनेक भाषा कानावर पडल्याने भाषाविकार होत नाही, हे संशोधनाने स्पष्ट केले आहे. विकार असेल, तर तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. केवळ शाळेत नव्याने भेटलेल्या भाषेत मूल मागे असेल, तर तो विकार नव्हे, शिकण्याचा टप्पा होय. म्हणून मूल्यमापन सर्व भाषांत व्हावे. घरी ‘उदक’ आणि शाळेत ‘वॉटर’ म्हणणाऱ्या मुलाचे दोन्ही शब्द मोजावेत. उपचारतज्ज्ञांना घरची भाषा येत नसेल, तर पालकांकडून शब्दांची यादी घ्यावी, त्यांना सत्रात बसवून घ्यावे. ‘उदक जाय’ म्हणणारे मूल दोन शब्द जोडायला शिकले आहे. हे कौशल्य पुढे मराठीत आणि इंग्रजीतही त्याच्या सोबत जाते.

खोलीबाहेरचा अभ्यास

खोलीत शिकलेले घरात आपोआप उतरत नाही. ते उतरवण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून करावी लागते. त्यासाठी वेगळा ‘अभ्यासाचा तास’ लागत नाही. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, झोपणे या रोजच्या घडामोडींतच संधी दडलेल्या असतात. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की ‘पोदेर आयलो’ हे रोज, त्याच वेळी, त्याच आनंदात म्हणता येते. आवडता खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला की ‘उघड’ म्हणण्याचे निमित्त मिळते. चतुर्थीच्या दिवसांत माटोळीला बांधायची फळे मुलासोबत हाताळताना नावे, रंग, ‘वर’, ‘खाली’, ‘बांध’, ‘दे’ असे किती शब्द अर्थासह भेटतात!

यात दोन पथ्ये पाळावीत. पहिले, प्रश्नांचा भडिमार टाळावा. ‘हे काय? ते काय? रंग कोणता?’ ही मुलासाठी सतत चाललेली परीक्षाच असते. त्याऐवजी मूल जे पाहत आहे, त्याबद्दल आपण छोट्या वाक्यांत बोलावे आणि मुलाने म्हटलेल्यात एक शब्द जोडावा. मूल ‘गाडी’ म्हणाले, तर आपण ‘गाडी आली’ म्हणावे. दुसरे, चुकीच्या उच्चाराची थट्टा वा दटावणी करू नये. मूल ‘दाय आली’ म्हणाले, तर ‘हो, गाय आली! केवढी मोठी गाय!’ एवढे म्हणावे. बरोबर रूप कानावर पडते आणि बोलण्याचा उत्साहही टिकतो.

काही मुलांना बोलणे दीर्घकाळ अवघड जाणार, हे तपासणीत दिसून येते. त्यांच्यासाठी चित्रफलक, खुणा किंवा मोबाइलवरील चित्राधारित साधने यांचा नियोजनात लवकर समावेश करावा. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जेलो’ आणि चेन्नईत तयार झालेले ‘आवाझ’ ही अशी भारतीय साधने आहेत. ‘चित्रे दाखवण्याची सवय लागली, तर मूल बोलणारच नाही’ ही भीती निराधार आहे. अशा साधनांमुळे बोलणे खुंटत नाही, उलट काही मुलांत ते वाढल्याचे आढळले आहे.

वाचा गमावलेल्या मोठ्यांसाठी

हीच तत्त्वे पक्षाघातानंतर बोलणे हरवलेल्या प्रौढांनाही लागू पडतात. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. तो रुग्ण जवळपास एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारत असे. मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील पुढच्या भागाचा वाचेशी असलेला संबंध त्या तपासणीतून पुढे आला. वाचाघातात बुद्धी गेलेली नसते. शब्दांपर्यंत पोहोचण्याची वाट अडलेली असते. ‘पेज’ हा शब्द न सापडणारे आजोबा कधीकधी आरती मात्र सुरात म्हणतात, कारण पाठ असलेले व सुरांत गुंफलेले बोल मेंदूत निराळ्या वाटेने येऊ शकतात. या निरीक्षणाचा आधार घेऊन अमेरिकेत बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ मध्ये सुरांवर आधारित उपचारपद्धती मांडली.

इथेही नियोजन व्यक्तीच्या आयुष्यातून यायला हवे. नातवंडांची नावे, औषधाची मागणी, फोनवरील दोन वाक्ये, देवळातल्या ओळखीच्या माणसाला दिलेली दाद ही खरी उद्दिष्टे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेल्या वृद्धांच्या बाबतीत कोकणी, मराठी व पोर्तुगीज या भाषा सारख्याच प्रमाणात परततील, असे नसते. म्हणून कोणती भाषा अधिक शाबूत आहे, हे आधी पाहावे. घरच्यांनाही शिकवावे लागते : एका वेळी एकानेच बोलणे, ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारणे, लिहून वा चित्र काढून दाखवणे, आणि वाक्य पूर्ण करण्याची घाई न करणे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. परंतु त्यानंतरही ती थांबते असे नाही. त्यामुळे ‘आता काही होणार नाही’ हा निवाडा लवकर देऊ नये.

मोजमाप, बदल आणि समारोप

आराखडा शिलालेख नव्हे. ठरावीक काळाने आरंभीच्या नोंदींशी तुलना करून तो तपासावा लागतो. ठरलेल्या मुदतीत प्रगती दिसत नसेल, तर दोष मुलाचा आहे, असे मानण्याआधी उद्दिष्ट फार मोठे होते का, मदत फार लवकर काढली का, सराव कमी पडला का, निदानच पुन्हा तपासायला हवे का, हे प्रश्न विचारावेत. प्रगतीची मोजणी खोलीत न शिकवलेल्या शब्दांवर आणि खोलीबाहेरच्या माणसांसोबत व्हावी. कारण पाठ झालेले आणि आत्मसात झालेले यांतील फरक तिथेच कळतो. उपचार कधी थांबवायचे, हेही आरंभीच ठरलेले असावे. उद्दिष्टे साधल्यावर सत्रे विरळ करत जाणे आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणे, हा योग्य मार्ग होय.

तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. या क्षेत्रात म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून शिक्षण व उपचार यांचे काम करीत आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब यांचा समावेश असून, अंगणवाडी व सरकारी शाळांतील तपासणीत अशी मुले आढळल्यास त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे.

उपचार सुरू असलेल्या प्रत्येक कुटुंबाने तज्ज्ञांना पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

१. श्रवणचाचणी झाली का? तिचा निष्कर्ष काय?
२. आज मूल नेमके कुठे आहे, याची लेखी नोंद आहे का?
३. येत्या दोन-तीन महिन्यांचे उद्दिष्ट काय? ते साधले, हे आम्हाला कसे कळेल?
४. हे कौशल्य घरात, शाळेत नेमके कुठे उपयोगी पडेल?
५. आम्ही घरी रोज काय करावे? तुम्ही ते आम्हाला करून दाखवाल का?
६. आमच्या घरच्या भाषेला या आराखड्यात कोणते स्थान आहे?

जाणता तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट त्याला घरातला सहकारी लाभल्याचे समाधान मिळते. मुलाने चित्रातल्या पेल्याकडे पाहून ‘पाणी’ म्हणणे ही चांगली सुरुवात आहे. पण स्वयंपाकघरात येऊन, कोणी न विचारता, आपल्या भाषेत त्याने पाणी मागितले, की ते नियोजन सफल झाले असे समजावे.